दर जूनमध्ये लॅक्रॉस स्टिकचं हेड वाकतं किंवा तडकतं: आधी दोष शोधा, मग नवं हेड घ्या

"आई, स्टिक परत डावीकडे मारतेय."

गेली तीन वर्षं जून उजाडला की आमच्या घरात हे वाक्य ऐकू येतं. आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. इथे 2004 पासून लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ, हा राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे आणि आमच्या रस्त्यावर दर तिसऱ्या घराच्या अंगणात त्याच्या गोलची छोटी जाळी लावलेली दिसते. मुलगा मिडफिल्ड खेळतो. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेचा सीझन सुरू होतो तेव्हा स्टिक झकास चालते, मे संपेपर्यंतही काही तक्रार नसते. मग उन्हाळी स्पर्धा सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांत पास भलतीकडे जायला लागतात. जुलैत कधीतरी हेड बाद होतं.

अशी तीन हेड गेली, प्रत्येक साधारण शंभर डॉलरचं. पहिल्या वर्षी मला वाटलं दोऱ्या सैल झाल्या असतील, म्हणून मी चार वेळा पॉकेट उसवून पुन्हा विणलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोऱ्या ठीक होत्या, प्लॅस्टिक वाकलं होतं. दुसऱ्या वर्षी जास्त महाग आणि जास्त हलकं हेड घेतलं, ते आणखी लवकर वाकलं. तिसऱ्या वर्षी दुकानातलं सगळ्यात ताठ हेड आणलं आणि ते स्क्रूपाशी तडकलं, कारण स्क्रू मी गरजेपेक्षा जास्त आवळला होता. लग्नाआधी सहा वर्षं मी भोसरीत एका इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीचं काम केलं, रोज नायलॉनचे पार्ट हाताळले. तरीही ते ज्ञान या स्टिकला लावायचं माझ्या डोक्यात यायला तीन उन्हाळे गेले. ज्यांच्या घरी नुकतीच पहिली स्टिक आली आहे त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

खेळ नवा असेल तर एवढं लक्षात ठेवा. हातात धरायचा दांडा म्हणजे शाफ्ट आणि त्याच्या टोकाला बसवलेली प्लॅस्टिकची चौकट म्हणजे हेड. सासूबाई त्याला झारा म्हणतात आणि मला तो शब्द फार चपखल वाटतो. झाऱ्याची पुढची कड, जिने जमिनीवरचा बॉल उचलतात, तो स्कूप. दोन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे साइडवॉल. शाफ्ट जिथे आत शिरतो तो गळा म्हणजे थ्रोट, आणि तिथेच आतून फोमचा तुकडा चिकटवलेला असतो तो बॉल-स्टॉप. या चौकटीत जाळी विणून जो झोळ तयार होतो ते पॉकेट. बॉल भरीव रबराचा, 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या बॉलएवढा जड.

दोष दोऱ्यांत आहे, शाफ्टमध्ये की हेडमध्ये?

हे आधी ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

शाफ्ट डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. अॅल्युमिनियमचा शाफ्ट वाकला असेल तर लगेच दिसतो. मग तसंच धरून नजर हेडपर्यंत न्या. स्कूपचा मधला बिंदू शाफ्टच्या रेषेत हवा, आणि स्कूपचे डावे-उजवे कोपरे एका पातळीत हवेत. एक कोपरा वर आणि एक खाली दिसला तर हेडला पीळ बसला आहे. हा पीळ दोऱ्या बदलून कधीच जात नाही.

आता हेड हलवून बघा. एका हातात थ्रोट, दुसऱ्यात शाफ्ट, आणि हळूच खुळखुळवा. थोडीशीही हालचाल असेल तर पास नेम सोडणारच, शिवाय प्रत्येक धक्क्याला स्क्रूचं भोक आतून झिजत जातं. स्क्रू काढा, शाफ्टच्या टोकाभोवती इलेक्ट्रिकल टेपचे एक-दोन वेढे द्या, हेड पुन्हा घट्ट बसवा. आमच्या टीममधल्या अर्ध्या मुलांच्या तक्रारी या दोन वेढ्यांत मिटतात.

यानंतर बॉल पॉकेटमध्ये ठेवा आणि समोरून बघा. बॉल मधोमध बसला पाहिजे. तो एका भिंतीकडे सरकत असेल आणि हेड मात्र सरळ असेल, तर त्या बाजूची उभी दोरी सैल पडली आहे. ही दुरुस्ती फुकटात होते. पास डावी-उजवीकडे न जाता सतत जमिनीत जात असेल तर वरच्या आडव्या शूटिंग स्ट्रिंग फार ताणल्या आहेत. बॉल सुटताना त्या त्याला खाली ओढतात, मुलं याला व्हिप म्हणतात. पास डोक्यावरून जात असेल तर उलट, त्या ढिल्या आहेत.

आणि एक गोष्ट जी मी कारखान्यातून शिकले आणि इथे कुणी करताना पाहिली नाही: हेड नवं असतानाच ते जाड कागदावर पालथं ठेवून पेन्सिलीने बाहेरची कड गिरवून घ्या. तारीख टाका. दर महिन्याला हेड त्याच कागदावर ठेवायचं. हेड हळूहळू फाकतं किंवा आवळतं, आणि रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसत नाही. कागदाला दिसतं. फाकलं की जाळी आडवी ताणली जाऊन पॉकेट उथळ होतं आणि बॉल हातातून उडतो. आवळलं की झोळ खाली लोंबतो आणि बॉल अडकून उशिरा सुटतो. मुलगा म्हणतो "पॉकेट बिघडलं", आणि बिघडलेली असते चौकट.

जूनच का?

चांगली हेड बहुतांशी नायलॉनची असतात. नायलॉनबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की बाकी सगळं उलगडतं.

पहिली, नायलॉन 66 या प्रकाराला वितळायला दोनशे साठ अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण ढिलं पडायला त्याच्या कितीतरी खाली. नायलॉन 66 अगदी कोरडं असताना साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा ताठरपणा उतरायला लागतो. दुसरी, नायलॉन हवेतून पाणी पितं. मध्यम दमट हवेत ते वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं, पूर्ण भिजलं तर आठ टक्क्यांच्या वर जातं. आणि पाणी प्यायलेल्या नायलॉनचं ते ढिलं पडण्याचं तापमान 70 वरून चाळिशीच्या घरात येतं.

आता इथला जून डोळ्यासमोर आणा. बाहेर 33 अंश, चेसपीकच्या उपसागराकडून येणारी चिकट हवा. बंद गाडीचं आतलं तापमान उन्हात तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज वर चढतं. दोन सामन्यांच्या मधल्या तीन तासांत स्टिक बॅगेत, बॅग गाडीच्या ट्रंकमध्ये, बॅगेवर घडीच्या खुर्च्या आणि पाण्याचा कूलर. पंचावन्न अंशांना मऊ पडलेली चौकट कूलरच्या वजनाखाली तीन तास दाबून ठेवायची आणि मग संध्याकाळी एसीत थंड करायची, हा तर तिला नवा आकार देण्याचाच विधी झाला. पहिली दोन हेड आमच्या ट्रंकमध्ये गेली. 

हिवाळ्यात याच्या उलट होतं. जानेवारी-फेब्रुवारीत घरातलं हीटिंग हवा कोरडी ठणठणीत करतं, नायलॉनमधलं पाणी उडतं आणि ते ताठ पण ठिसूळ होतं. त्यात मैदानावर शून्याखालची थंडी. म्हणून सीझनच्या पहिल्या आठवड्यांत हेड वाकत नाहीत, कडकन तुटतात. भोसरीत आम्ही साच्यातून निघालेले काही नायलॉनचे पार्ट मुद्दाम पाण्यात ठेवायचो, त्यांचा ठिसूळपणा जावा म्हणून. त्याच कारणाने आता मी फेब्रुवारीत कोऱ्या हेडला, जाळी विणण्याआधी, दोन दिवस साध्या पाण्याच्या बादलीत ठेवते. ताठरपणा किंचित उतरतो, पण पहिल्याच थंड सरावात चीर जाण्याची भीती कमी होते.

उष्णता आणि ओलावा यांचा या खेळाशी संबंध प्लॅस्टिकच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. लॅक्रॉस मुळात इथल्या मूळनिवासी लोकांचा, हौडेनोसौनी आणि त्यांच्या शेजारच्या लोकांचा खेळ. त्यांचे कारागीर हिकरीच्या लाकडाला वाफ देऊन वाकवतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात, तेव्हा कुठे तो बाक कायमचा होतो. ती स्टिक एकसंध असते. बॉल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने 1970 मध्ये प्लॅस्टिकचं हेड आणलं, आणि स्टिक हलकी झाली, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. इतकं काळजीपूर्वक वाफ देऊन घडवलेलं काम बघितलं की ट्रंकमध्ये बिघडवलेल्या हेडचं जास्तच वाईट वाटतं.

वाकलेलं हेड सरळ होतं का?

फाकलेलं किंवा आवळलेलं हेड बऱ्याचदा होतं. पीळ बसलेलं क्वचितच, आणि झालं तरी पहिल्या गरम दिवशी परत पिळतं.

मी असं करते. जाळी काढून ठेवते, कारण मेणाची जाळी असेल तर गरम पाण्यात तिचं मेण उतरतं. मोठ्या पातेल्यात पाणी चांगलं कढत करते पण खळखळू देत नाही, गॅस बंद करून हेड त्यात दोन-तीन मिनिटं बुडवते. चिमट्याने बाहेर काढून, जाड हातमोजे घालून, कागदावरच्या रेघेबरहुकूम आकार देते, आणि तसंच धरून बर्फाच्या पाण्यात घालते. हे काम मुलांवर सोपवू नका, हात भाजतो. ओव्हन, मायक्रोवेव्ह, हीट गन यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे तापमान हातात राहत नाही, आणि एका बाजूने जळालेलं नायलॉन आतून मेलेलं असतं.

काही मोठी मुलं फेसऑफसाठी, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी दोघांनी समोरासमोर झुंजायचं त्यासाठी, हेड मुद्दाम तापवून आवळतात, म्हणजे बॉल चिमटीत अडकतो. तुमच्या मुलाला तसं करू देऊ नका. पंच स्टिक तपासतात, बॉल स्वतःहून घरंगळत बाहेर आला पाहिजे. एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या नियमांत तर बॉल-स्टॉपपासून 3 इंचांवर दोन्ही भिंतींमधलं अंतर किमान 3 इंच हवं असं मोजून ठेवलेलं आहे. शिवाय दाबून आवळलेल्या हेडच्या गळ्यावर कायमचा ताण राहतो आणि पुढची चीर तिथेच पडते.

चीर गेलेलं हेड मात्र बाद. डिंक, एपॉक्सी, टेप काही लावू नका. ती जागा दर पासला लवते, त्यामुळे जोड टिकत नाही, आणि उघडी धार समोरच्याच्या हाताला लागते.

चीर कुठे पडली ते बघा

नवं हेड कुठलं घ्यायचं याचं उत्तर जुनं कुठे तुटलं त्यातच असतं. नखाने कडेकडेने चाचपा. चिरेच्या आधी नायलॉन त्या जागी पांढरं पडतं, तो इशारा आहे.

स्क्रूच्या भोकातून चीर निघाली असेल तर हेडला दोष देण्याआधी स्क्रूकडे बघा. माझं तिसरं हेड इथेच गेलं. शाफ्टच्या भोकाची आणि हेडच्या भोकाची रेष जुळली नव्हती, मी पॉवर ड्रिलने तसाच दामटला. हाताच्या स्क्रूड्रायव्हरने लावा, अडेल तिथे थांबा, त्यापुढचा अर्धा फेरा मोह झाला तरी देऊ नका. हे दुरुस्त केलं नाही तर कितीही मजबूत हेड आणा, ते तिथेच फुटेल.

स्कूप झिजून धारदार झाला असेल किंवा मधोमध तडकला असेल, तर मुलगा डांबरावर किंवा सिमेंटवर बॉल उचलतोय. आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर पास मारण्याचा सराव, ज्याला वॉल बॉल म्हणतात, पार्किंगमध्येच होतो. त्यासाठी जुनं, सपाटून वापरलेलं हेड वेगळं ठेवा. झिजलेल्या स्कूपवरचे बारीक चरे बारीक पॉलिश पेपरने घासून गोल करून टाका, कारण चीर नेहमी अशाच एखाद्या खाचेतून सुरू होते.

साइडवॉल तुटली असेल तर ते खेळामुळे. समोरच्याच्या स्टिकवर आपली स्टिक आदळणं, म्हणजे चेक करणं, हा बचावाचा भाग आहे. बचावपटूचं किंवा भरपूर चेक करणाऱ्या मिडफिल्डरचं हेड जाडच हवं.

आणि थ्रोटच्या वरच्या भागात, जिथे दोन भिंती वेगळ्या होतात, तिथे पांढरे पट्टे दिसत असतील तर फेसऑफ. दोन खेळाडू समोरासमोर वाकतात, बॉल मधे जमिनीवर, आणि शिट्टीबरोबर सगळं अंग घालून हेड बॉलवर दाबतात. साधं हेड याला बनवलेलंच नसतं. आमच्या मुलाला दुसऱ्या वर्षी कोचने अधूनमधून फेसऑफला पाठवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हेडच्या घसरणीत ट्रंकच्या जोडीला याचाही वाटा होता हे मला नंतर कळलं.

मग नवं हेड कसं निवडायचं?

दुकानात गेल्यावर मुलं आधी हेड तळहातावर तोलून बघतात आणि सगळ्यात हलकं उचलतात. हेड साधारण दीडशे ग्रॅमच्या आगेमागे असतं, आणि हलक्या-जडमधला फरक वीस-तीस ग्रॅमचा. तेवढं वजन कमी करायला भिंतीतलं प्लॅस्टिक कमी केलेलं असतं, दुसरा काही चमत्कार नसतो. तेरा-चौदा वर्षांच्या मिडफिल्डरला ते वीस ग्रॅम जाणवत नाहीत. ढिलं हेड मात्र जाणवतं: ग्राउंड बॉल उचलताना स्कूप मागे लवतो, आणि जोरात शॉट मारताना चौकट पिळून नेम जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हायस्कूल संपेपर्यंत वजनापेक्षा ताठरपणाला किंमत द्या.

ताठरपणा तपासायचा तर हेडची सगळ्यात रुंद जागा दोन्ही तळहातांत धरून आत दाबा, मग थ्रोट एका हातात आणि स्कूप दुसऱ्यात धरून कपडे पिळल्यासारखं हलकेच पिळा. पीळ घेणारं हेड परत ठेवा, मग दाबायला ते कितीही कडक असो. एकाच दुकानातली दोन हेड एकाच दिवशी शेजारी ठेवून तुलना करा. आज इथे आणि महिन्याने तिथे पाहिलेल्या हेडची तुलना करण्यात अर्थ नाही, हवेतल्या ओलाव्याने हाताला वेगळं लागतं.

कंपन्या जागेनुसार हेड बनवतात आणि ती विभागणी बऱ्यापैकी खरी असते. स्ट्रिंगकिंगच्या हेडवर अक्षरंच असतात: 2ए आक्रमणासाठी, 2डी बचावासाठी, 2एफ फेसऑफसाठी. एसटीएक्सचं सर्जन आक्रमणासाठी, हॅमर बचावासाठी, ड्युएल फेसऑफसाठी. फेसऑफची हेड दाबली की लवतात आणि परत मूळ आकारात येतात, म्हणून हाताला ढिली वाटली तरी तो दोष नव्हे. पण नेहमीच्या पाससाठी ती घेऊ नका.

मिडफिल्डर धावतो, बचाव करतो, शॉटही मारतो, त्यामुळे त्याची निवड सगळ्यात अवघड. आम्ही शेवटी बचावपटूंच्या वर्गातलं ताठ हेड घेतलं, ज्याच्या साइडवॉलला दोऱ्यांसाठी भरपूर भोकं आहेत. भोकांचं महत्त्व मला उशिरा कळलं. ती कमी असली की पॉकेट हवं तिथे बसवता येत नाही, आणि मुलगा पॉकेटची उणीव मनगटाने भरून काढायला लागतो. आकारात मधला मार्ग बरा. फार अरुंद चॅनेल, म्हणजे बॉल घरंगळत जाण्याची वाट, असलेलं हेड बॉल घट्ट धरतं पण नवशिक्याला झेल घेणं कठीण करतं. दहा वर्षांखालच्यांना रुंद तोंडाचंच द्या.

जाळीसकट मिळणाऱ्या स्वस्त तयार स्टिक पहिल्या वर्षाला ठीक आहेत. मूल टिकलं तर पुढे हेड वेगळं घ्या. वॉरंटीचा कागद मात्र घेण्याआधी वाचा, कारण तुटण्याला भरपाई असली तरी वाकण्याला सहसा नसते.

मुलींसाठी हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. मुलींच्या खेळाची हेड वेगळ्या मापाची असतात, पॉकेट उथळ लागतं, मुलांचं हेड तिथे चालत नाही. नायलॉन, ऊन आणि स्क्रू यांचं गणित तेवढं तेच.

या वर्षी आम्ही काय बदललं

दोन सारखी हेड सारखीच विणून ठेवली आहेत आणि ती आलटून पालटून वापरतो. तिसरं, जुनं, वॉल बॉलसाठी. फेसऑफसाठी टीमच्या सामायिक स्टिकची कोचकडे विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. सामन्यांच्या मधे स्टिक ट्रंकमध्ये जात नाही. आमच्या तंबूच्या सावलीत, खुर्चीच्या पाठीला उलटी टांगलेली असते, हेडवर कशाचंही वजन नाही. घरी गॅरेजऐवजी जिन्याखाली खुंटीवर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कागदावर ठेवून पाहिलं तर डावी भिंत रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटरही गेली नव्हती.

सासूबाईंनी या खेळाचं नाव घराबाहेर पहिल्यांदा ऐकलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये, मुंबईत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक तिथे भरली होती आणि तिने 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मंजुरी दिली. त्यांनी लगेच फोन केला, "अगं, आपला झारा ऑलिंपिकला निघाला!" तेव्हापासून पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांची मुलं स्टिक आणायला सांगतात. त्यांना मी हलकी हेड नेतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत राहिलेली स्टिक इथल्यापेक्षा जास्त तापेल, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर नायलॉन सतत पाणी पीत राहील, म्हणजे हेड नेहमीच इथल्या उन्हाळ्याइतकं ढिलं. तिथे बचावाच्या वर्गातलं जाड हेड, मेणाशिवायची साधी जाळी, सोबत एक जादा स्क्रू, आणि पाकिटात घडी करून गिरवलेला कागद. या डिसेंबरमध्ये अशी चार पाकिटं न्यायची आहेत.